तोंडचं पाणी

४ मार्च

विसरलीस ना? ठाऊकच होतं मला. हिरवं बटण दाबून बोलायला शिकवलंस, लाल दाबून थांबायला शिकवलंस, आणि फोनला जेवू घालायची वायर स्वतःच्याच पिशवीत टाकून निघून गेलीस. डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून, नाहीतर तेही कुठल्यातरी बाकड्यावर राहिलं असतं तुझं. तुझ्या आईची वायर लावलीय. सूनबाईंनी दिली, पण चेहरा असा केला की जणू किडनी मागितली.

तर रोज थोडं बोलायचं आणि फोनानं लिहून तुला धाडायचं, असं ठरलंय आपलं. अक्षरं मी शिकले नाही, पण बोलायला कुठं शाळा लागते? तारीख तो आपली आपण घालतो. मी दम खायला थांबले की आडवी रेघ मारतो. मध्येच दुसरं कुणी बोललं तर ते वेगळ्या ओळीवर उतरवतो. हे सगळं तूच सांगितलंस. मला काय, तो मला शिव्या लिहीत असला तरी मी आपली कौतुकानं मान डोलावणार.

घरगाडी छान आहे गं. तुझ्या बापानं जुनी घेतली, तरी डोळ्यांत भरते. पुढं चाकं नि स्टेअरिंग, मागं संसार. शेगडी आहे, कपाटं आहेत, ओढून काढायचं टेबल आहे. बेसिन एवढंसं की त्यात एक पातेलं बसलं की चमच्यांनी बाहेर रांग लावायची. माझा पलंग पार मागं, त्याच्याखाली पाण्याची टाकी. आडवी झाले की कानाखाली डुचमळतं. लहानपणी आईच्या पोटात होते तेव्हा असंच ऐकू येत असणार.

घरगाड्या लावायच्या या तळावर झाडं आहेत, प्रत्येक गाडीला एक खांब, खांबावर नळ आणि विजेचं बटण. फाटकापाशी एक बाई बसते, ती सगळ्यांच्या चाव्या सांभाळते. बाकीच्या गाड्या गेल्या म्हणे, ऊन वाढलं तशा. आम्ही उलटे, सगळे उठले की पंगतीला बसणारे.

रोज फोन करीन म्हणालीस, तेवढं लक्षात ठेव. आजीला विसरलीस तर घशाला अशी कोरड पडेल तुझ्या, की शब्द फुटायचा नाही.

बरं.

हे ऐकलंस? बर्र करतो तो पंप. नळ सोडला की टाकीतलं पाणी वर ढकलतो. नळ बंद असला तरी मधूनच बर्र करतो. माझ्यासारखाच आहे, कुणी विचारलं नाही तरी बोलतो.

५ मार्च

आज तुझ्या बापानं पाणी गाळायचं यंत्र बसवलं. गाव बदललं की पाणी बदलतं, प्रत्येक तळाच्या पाण्यात वेगळी घाण, म्हणून गाडीत शिरायच्या आधीच गाळून घ्यायचं, असं त्यानं मला समजावलं. जन्मभर फडक्यातून पाणी गाळत आलेल्या बाईला समजावलं.

आधी टाकी धुतली. ब्लीचिंगचं पाणी भरून ठेवलं, मग सोडून दिलं, मग साधं भरलं, परत सोडलं. सगळीकडं दवाखान्याचा वास. मग खांबावरच्या नळाला पितळेची एक बोंडी लावली, ती पाण्याचा जोर कमी करते, नाहीतर गाडीतल्या नळ्या फाटतात. तिच्यापुढं निळी नळी. नळीपुढं दोन उभी डबडी, शेजारी शेजारी, नव्या नवरा-नवरीसारखी. पहिल्यात सुताची जाड गुंडाळी, ती गाळ अडवते. दुसऱ्यात कोळसा, तो वास आणि चव मारतो. डबड्याच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, पाणी बाणाच्याच दिशेनं जायला हवं. तुझ्या बापानं तो बाण माझं बोट धरून मला दाखवला. वाचता येत नाही म्हणून बाणही दिसत नाही, असं वाटलं असावं त्याला.

प्रत्येक आट्याला पांढरी टेप गुंडाळली. कोळशातून आधी काळं पाणी येतं, ते स्वच्छ होईस्तोवर वाहू दिलं. सूनबाई बादल्या भरून झाडांना घालत होत्या. त्यांना मी म्हटलं, झाडं काळी पडतील हो. त्या म्हणाल्या, पडू द्यात, तुमच्या केसांना कलप होईल. मला आवडते कधीकधी तुझी आई. तिला सांगू नकोस.

सगळं झाल्यावर तुझ्या बापानं पाना खाली टाकला तो नेमका माझ्या पावलावर. मी कळवळून ओरडले, मुडद्या, हात मोडला तुझा!

बरं.

तो हसला आणि माझं पाऊल चोळत बसला. साठी आली तरी मार खाल्लेल्या पोरासारखं हसतो अजून.

७ मार्च

पाणी काय गोड आहे गं! इतकं गार, की माठ लाजेल. मी तांब्याभर पिते आणि आणखी मागते. तुझा बाप मात्र तोंड वाकडं करतो. त्याला खारट लागतं. सूनबाईंना धड खारट नाही, धड गोड नाही, नुसतं पाणी लागतं. एकाच नळाचं, एकाच पेल्यातलं! मी म्हटलं, जिभेवरच खोट असेल तर यंत्र काय करणार?

त्याच्या मनगटाला पट्टी आहे. काल पायरीवरून उतरताना तोल गेला आणि हात खाली आला. मोडला नाही म्हणे, चीर गेलीय. माझा शब्द खरा ठरला म्हणून चिडवतो मला.

खारट का लागतं बघायला त्यानं एका हातानं पहिलं डबडं उघडलं. गाळ बाहेरून येतो, म्हणून सुताची गुंडाळी बाहेरून काळवंडते आणि आतून पांढरी राहते. ही बाहेरून पांढरीशुभ्र होती. आतून मात्र केसांनी भरलेली. लांब, पांढरे केस, सुताच्या पोटात घट्ट वळून बसलेले. बाण बरोबर होता, दोनदा बघितला त्यानं. म्हणजे घाण खांबाकडून आली नव्हती. ती गाडीकडून, टाकीकडून, पाण्याच्या उलट चालत आली होती.

सूनबाई माझ्या डोक्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, माझे एवढे असते तर मी अंबाडा घालून मिरवले नसते का?

आणखी एक. पंप नळ बंद असताना बोलतो, म्हणजे कुठंतरी गळती आहे, म्हणून तो नळ्या तपासत होता. तेव्हा त्याला आतल्या नळाचा कॉक सापडला. तो आत नाहीच. गाडीच्या बाहेरच्या अंगाला आहे, एका कुलूपवाल्या झडपेमागं. आतल्या माणसाचं पाणी बाहेरून बंद करता येतं. असं कोण करतं, असं तो दोन-तीनदा म्हणाला. मुद्दाम बसवलंय म्हणाला, कारखान्यातून असं येत नाही.

तीन दिवसांत तुझा एकदाही फोन नाही. विसरभोळी!

९ मार्च

फाटकवालीनं सांगितलं. तिला गाडीचा रंग ओळखीचा वाटत होता, आज मागचा पोचा बघून खात्री झाली.

आधीचा मालक याच तळावर राहायचा. त्याची म्हातारी आई त्याच्याबरोबर होती. ती रात्री उठून नळ सोडायची, टाकी रिकामी करायची, विसरायची. वय झालं की होतं असं. म्हणून त्यानं कॉक बाहेर नेला. तो बाहेर जायचा तेव्हा कॉक बंद करायचा, दाराला बाहेरून कुलूप घालायचा. एकदा उन्हाळ्यात गेला तो मित्रांबरोबर, आणि लवकर परतलाच नाही. टाकी काठोकाठ भरलेली, म्हातारी टाकीवरच्या पलंगावर, आणि घसा कोरडा. खालचं पाणी तिला ऐकू येत असणार गं. ते डुचमळणं. मला येतं तसं.

फाटकवालीनं दार फोडायला लावलं तेव्हा उशीर झाला होता. मुलानं सांगितलं, आईला विसरायची सवय होती, पाणी प्यायलाच विसरली असेल. सगळ्यांनी मान डोलावली. त्याचं कुणी काही वाकडं केलं नाही.

ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पलंगावर बसून मोठ्यानं म्हटलं, आणि हे थट्टेनं नाही म्हटलं, ऐकून ठेव. ज्यानं आईचं पाणी तोडलं, तो पाण्यात बसून पाण्यासाठी तडफडत मरो.

बरं.

१२ मार्च

काल फाटकवाली धावत आली. आधीचा मालक गेला. स्वतःच्या घरी, न्हाणीत, भरलेल्या टबात. बुडाला नाही. नाकातोंडात थेंब नव्हता. उन्हात वाळत घातलेल्या आंब्याच्या सालीसारखा झाला होता म्हणे, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. ओठ फुटलेले, तोंड नळाला लावलेलं, नळ चालू.

खोटं कशाला बोलू? बरं वाटलं मला. त्या रात्री गाढ झोपले. सकाळी नळाचं पाणी इतकं गोड होतं, जणू कुणी पाठीवरून हात फिरवला.

आज दुपारी तुझा फोन आला. मेली आठवण झाली एकदाची! तू खोकत होतीस, कोरडा, ठसक्यासारखा. चार दिवस घसा धरलाय, आत्ता तुझ्याशी बोलले तसा सुटला, म्हणालीस. मग विचारलंस, आजी, मध्ये मध्ये बरं कोण म्हणतं? मी म्हटलं, पंप गं तो. तू म्हणालीस, पंप कधी बरं म्हणतो का? आणि तू कुणाला शिव्या घातल्यास की तेवढ्यापुरतंच येतं ते.

मग तू मला माझंच सगळं वाचून दाखवलंस. तुझा घसा. तुझ्या बापाचा हात. तो मालक.

मी फोन खाली ठेवला.

१३ मार्च

तुझ्या बापाला सांगितलं, पंप काढ. का ते सांगितलं नाही. त्यानं वायर सोडवली, पंप काढून माझ्या मांडीवर ठेवला. मांजरीएवढा आहे. निपचित.

मग एकटी असताना मी करून बघितलं. खांबावर कावळा बसला होता, त्याला म्हटलं, मर मेल्या.

बरं.

पंप माझ्या मांडीवर होता. वायर लोंबकळत होती.

कावळा खाली पडला. चिपाड झालेला.

माझं तोंड असं आहे गं. माया आली की शिवीच येते. तुझ्या बापाला मुडद्या म्हणून तर मी अंगाई गायले. इथं बसलेल्या त्या म्हातारीला ते कळत नाही. तिला वाटतं, एक आई गाऱ्हाणं करतेय. तिचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून ती माझं ऐकते.

आजपासून तोंडाला कुलूप.

१४ मार्च

दोघं गावात गेलीत, वॉशर आणायला. पंप परत लावलाय. गळती होती ती सापडली, म्हणून बाहेरचा कॉक बंद केला त्यानं. आणि उघडायचा विसरला. नळ सोडला तर नुसती हवा —

दाराची कडी अडकलीय. हलत नाही. हाक मारली, फाटक लांब आहे, आणि फोन लावायला तू शिकवलं नाहीस.

ऊन पत्र्यावर आहे. पलंगाखाली डुचमळतंय. भरलेली आहे टाकी.

पलंगाच्या फळीला, खालच्या बाजूनं, बोट लागलं. ओरखडे आहेत. नखांचे. एकात नख तसंच —

जीभ टाळूला चिकटतेय. हे मी का बोलतेय? बोलू नये. पण बोललं की कुणीतरी आहेसं वाटतं. तू आहेस.

दुपार उतरत नाही. विसरला. आईला विसरला. एवढं मोठं केलं —

मोटार वाजली. आले. हसतोय. बाहेर हसतोय तो, सूनबाईंना काहीतरी सांगतोय. मी इथं वाळतेय आणि हा हसत हसत येतोय! मेल्या, आईचं पाणी तोडून हसतोस? तुझ्या तोंडचं पाणी पळो!

बरं.

नाही. नाही नाही. तसं नाही म्हटलं मी — ते नुसतं म्हणतात तसं — घाबरो, एवढंच गं — नाही —

१५ मार्च

त्यानं दार उघडून माझे पाय धरले. चुकलो आई, म्हणाला. कॉकची सवय नाही गं, डोक्यातच आलं नाही. रडला. डोळ्यांत पाणी आलंच नाही.

संध्याकाळपासून थुंकी नाही त्याला. घास गिळता येत नाही. तांब्यामागून तांब्या पितो आणि आणखी कोरडा होतो. ओठ सोलवटलेत. सूनबाई माझ्याकडं बघतात. मी सगळं सांगितलं त्यांना. त्या चिडल्या नाहीत. माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, आई, आता एक शब्द नको.

१६ मार्च

डॉक्टर आले. सलाईन लावलं. बाटली रिकामी झाली, गादी चिंब झाली, आणि ह्याचा हात वाळक्या शेंगेसारखा तो तसाच. डॉक्टरांनी सुई काढून बघितली, परत टोचली. मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तुझ्या गावची. दवाखान्याची गाडी उद्या येईल.

मी नळापाशी बसले. माझे शब्द परत घेते, म्हटलं. काही नाही. औक्षवंत हो, म्हटलं त्याला, सुखी राहा, म्हटलं. काही नाही. आशीर्वादाला कान नाहीत तिला.

मग म्हटलं, माझाच घसा कोरडा पडो. नळ आपला आपण सुटला. बारीक धार. मी ओंजळ धरली नाही तरी तोंडावर उडालं. गोड —

१७ मार्च

आता मलाही ऐकू येतं. पंपासारखं नाही. कोरड्या गळ्यातून बोलतात तसं.

सांगितलं तिला. माझा आला परत. दार उघडलं त्यानं. तुझ्यासारखा नाही तो.

उशिरा.

विसरला होता गं. माणूस विसरतो.

तोही असंच म्हणाला.



गाडी आली. सूनबाईंनी त्याला आडवं घालून नेलं. जाताना गाडीवाल्यानं आपल्या पिशवीतलं संत्रं सोलून एक फोड त्याच्या तोंडात घातली. ओठ ओला झाला. झाला गं ओला! सूनबाई ओरडल्या. फळातलं पाणी झाडानं आणलंय, नळातून नाही आलं. त्याच्यावर हिचा हात चालत नाही.

मी गेले नाही बरोबर. माझं तोंड जिथं, तिथं हिचे कान. मला इथंच —

१८ मार्च

फाटकवाली लांबून विचारते, ठीक आहात ना. मी हात हलवते. बोलत नाही.

डबड्यातलं सूत पांढरं झालंय. केस आता नळातून येतात. उशीवरही. माझे की —

पाणी गोडच आहे. पिते. काय करणार.

१९ मार्च

थोडंच बोलते. नीट ऐक.

सूनबाईंचा निरोप आला, त्याला दवाखान्यात पाण्याचा पेला दिला की परत कोरडं पडतं. फळावर तगलाय तो. संपत आलीत.

तू पाठव. आजच. संत्री, द्राक्षं, कलिंगड, काकड्या. सालासकट. चिरू नकोस. आणि धुऊ नकोस, अजिबात धुऊ नकोस, नळाचा थेंबही लागता कामा नये. फडक्यानं पुस, कोरड्या. रोज पाठव. तो बोलायला लागेपर्यंत रोज.

आणि स्वतःही तेच खा. पहिल्या दिवशी तुला थट्टेनं बोलले होते ना मी, ते ऐकलंय तिनं. ते अजून आहे तसंच. म्हणून आठवण ठेव. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी —

पिशवी दाराशी ठेव, म्हणजे नजरेसमोर राहील. गाठ मार पदराला. विसरू नकोस, माझे बाई. विसरलीस तर —

तर?